जीपवाल्याची पाच मिनिटं

विंचवाची आग मनगटावरून कोपरापर्यंत चढली, तरी मला परतवाड्याच्या दवाखान्यात नेणारी जीप फाट्यावरून हलत नव्हती. डायवर आरशात पाहून भांग पाडत होता.

"पाच मिन्टात निंगतो, आजी. दोनच शिटा बाकी हायेत."

हे त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. त्याच्या मनगटावर मोठं घड्याळ होतं, पण वेळ तो शिटांवर मोजायचा. मी आग कुठवर चढली त्यावर मोजत होते.

"अरे मेल्या, मी मरून राहिली ना!"

"मरनारं मानूस येवढं बोंबलते काय? टाइम हाय अजून."

मी तोंड मिटलं. डोळेही मिटले.

"आजी? ओ आजी! बोला ना!"

दोन जागा रिकाम्या ठेवून जीप सुसाट सुटली. दवाखाना येईपर्यंत मी ब्र काढला नाही. त्या दिवशी मी वाचले ते न बोंबलल्यामुळंच.