गाडीत ऑफिस नको

त्या दिवशी मी नेपरव्हिलच्या प्लॅटफॉर्मवर बुटांचा बर्फ झाडत उभा होतो, तेव्हा श्रीकांतच्या बायकोचा, मनीषाचा फोन आला. "दादा, आज श्रीकांतसाठी जागा धरू नका." मला वाटलं, स्वारीची सुट्टी अजून संपली नाही. "चैन आहे बुवा त्याची," असं मी म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "तो आज पहाटे गेला." शिकागोची गाडी आली आणि निघून गेली. मी तिथेच उभा होतो.

कितीतरी वर्षं आम्ही त्या गाडीने शेजारी शेजारी बसून कामाला गेलो. कंपनी एकच, गॅसची. श्रीकांत माझ्याहून लहान, नागपूरचा. कॅनडातून येणाऱ्या पाइपलाइनमधून कुणाचा गॅस कधी न्यायचा, हे तो बघायचा आणि मी गॅस विकणाऱ्या विभागात. सुरुवातीला आम्ही गाडीत मनसोक्त ऑफिस चघळायचो. मग सरकारचा नवा नियम आला. पाइपवाल्यांनी आपल्याच कंपनीतल्या विक्रीवाल्यांना आतली बातमी द्यायची नाही. पाइपमध्ये जागा कधी रिकामी आहे, दुरुस्ती कधी निघणार, हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं पाहिजे. आमचे मजले वेगळे झाले, त्याच्या मजल्याचं दार माझ्या कार्डाने उघडेना. मी जाम वैतागलो. श्रीकांत मात्र खूश! "बरोबरच आहे ना, दादा. दोन देशांचा एक बाजार करायचा, तर तुम्ही विक्रीवाले आमचे जावई असून कसं चालेल?" तेव्हापासून बोलणं ऑफिसकडे वळलं, की तो खिशातून आवळासुपारीची चपटी डबी काढायचा, उघडून माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, "गाडीत ऑफिस नको." मी सुपारी उचलली की विषय संपला. पुढे पुढे तर तो हे वाक्यही म्हणेनासा झाला, डबीच पुरायची.

त्याचं सगळं आयुष्य एकात एक अडकलेलं होतं. नोकरीवर व्हिसा, व्हिसावर ग्रीन कार्डाची आशा आणि त्याच्या त्या एका अर्जावर मनीषा आणि लेक ईशासुद्धा. चांगली बढती चालून आली, तर त्याने ती नाकारली, कारण काम बदललं असतं तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. नागपूरला जायचं नाव काढायचा नाही. परत येताना व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर? "कॅनडातला गॅस बॉर्डरवर थांबतसुद्धा नाही यार, आणि मी नायगारा इकडूनच बघतो," असं हसत हसत म्हणायचा. मला त्या हसण्याची सवय झाली होती.

गेल्या उन्हाळ्यापासून तो वाळत चालला. शुक्रवारी घरून काम करू लागला. "काय झालंय रे?" मी विचारलं. त्याने डबी पुढे केली. आणि मी शहाणा समजलो, की हे ऑफिसचंच काहीतरी आहे! पाइपलाइन विकायला काढली असणार, याला कळलंय आणि बिचाऱ्याला सांगता येत नाही. मग मी रोज त्याच्या चेहऱ्यावर माझी नोकरी राहते की जाते, ते शोधत बसायचो... मनीषाने नंतर सांगितलं, शुक्रवारी तो केमो घेत होता. ऑफिसात कळलं तर पुढच्या कपातीत पहिलं नाव आपलं, ही धास्ती. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत टिकायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. तो टिकला नाही आणि त्याच्याबरोबर तिघांचा अर्जही संपला. मला त्याचा राग येतो. अजून येतो. अरे, नियम गॅसचा होता, तुझा नव्हता रे!

परवा त्यांच्याकडे गेलो, तर हॉलभर खोकी. शाळेचं वर्ष संपलं, की मायलेकी नागपूरला परत जाणार. ईशाला म्हटलं, "नागपूर आवडेल बघ तुला." ती खोक्यावर टेप लावत म्हणाली, "आय डोन्ट नो एनीबडी देअर, काका." तळघरातली गॅसची फर्नेस सुरू झाल्याचा आवाज आला, घर हळूहळू तापायला लागलं.

मनीषाने चहा आणून ठेवला आणि समोर बसली. "दादा, घरी तर तो बोलायचाच नाही. तुमच्याबरोबर रोज तासभर असायचा. तुम्ही दोघं काय बोलायचात हो? थोडं सांगा ना मला..."

टीपॉयवर त्याच्या चष्म्याशेजारी ती चपटी डबी होती. मी ती उचलली, उघडली आणि तिच्यापुढे धरली.