अंधारातली दाद

समोरच्या गॅलरीत सुमनताई वाळलेले कपडे काढता काढता नाट्यपद गुणगुणतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी संगीत नाटकांत नायिका म्हणून काढली. आता घरात एकट्याच असतात. ओळ संपली की त्या थांबतात. तेवढी जागा ऑर्गनची. हातातला टॉवेल तसाच धरून तो न वाजणारा ऑर्गन पुरता ऐकून घेतात आणि मगच पुढची ओळ उचलतात.

काल न राहवून मी ओरडलो, "वन्स मोअर!"

त्या दचकल्या, मग हसल्या. "अहो, तुम्ही तर दिसताय! रंगमंचावरच्या दिव्यांमुळे आम्हाला समोर नुसता अंधार असायचा. दाद त्यातून यायची. चेहरा एकही दिसायचा नाही, पण वाटायचं, सगळी आपलीच माणसं."

कपडे घेऊन त्या आत गेल्या. पद अर्धंच राहिलं.

आज तिन्हीसांजेला मी माझ्या गॅलरीतला दिवा लावलाच नाही, खुर्चीत गुपचूप बसून राहिलो. दिवा का लावला नाही, असं विचारणारं माझ्याही घरात कुणी नाही.

समोर ओळ संपली. त्या थांबल्या. मग माझ्या अंधाराकडे बघत त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली.