पंखा बंद केल्यावर सुरू झालेली लढाई

पाचव्या चाचणीतही फिरंगी जहाजच जिंकलं. आमची चारही गलबतं टाकीच्या कोपऱ्यात लाल दिवे लावून बसली होती. लाल दिवा म्हणजे गलबत बुडालं.

"सावंत, हे असंच राहणार असेल तर मी दालनात घेणार नाही," दळवी मॅडम म्हणाल्या. "उद्घाटन परवा आहे."

मी प्रदर्शनांसाठी चालती मॉडेल्स बनवतो. भाईंदर पूर्वेला माझा गाळा आहे. दळवी मॅडम एका शाळेच्या नव्या इतिहास दालनाच्या प्रमुख. युरोपातून आलेली जहाजं आणि कोकणची आरमारं समुद्रात कशी लढली, ते मुलांनी स्वतः खेळून बघावं, अशी त्यांची कल्पना होती.

टाकी वीस फूट लांब. एका टोकाला किनारा आणि खाडी, दुसऱ्या टोकाला खुला समुद्र. समुद्राच्या बाजूला मोठा पंखा. फिरंगी जहाज चौकोनी शिडांचं, फक्त वाऱ्यावर चालणारं. गलबतं लहान. त्यांना तिरकं शीड आणि वल्ही; वल्ही हलवायला पोटात छोटी मोटर. तोफांच्या जागी इन्फ्रारेड दिवे. तीन वेळा नेम लागला की लाल दिवा. जहाजाला दोन्ही कुशींवर, म्हणजे बाजूंना, आठ-आठ तोफा, गलबताला पुढे एकच.

"याच किनाऱ्यावर छोट्या बोटींनी मोठी जहाजं पकडली आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुमचं मॉडेल रोज उलटं सांगतंय."

"मोजमापं बरोबर आहेत, मॅडम."

"मग जहाजाच्या निम्म्या तोफा बंद करा. कोणाला कळणार आहे?"

एक वायर काढायची होती. पाच मिनिटांचं काम. मॉडेल नाकारलं गेलं तर तीन महिने पाण्यात जाणार होते. मी जहाजाचं झाकण उघडलं, पकड हातात घेतली.

तेवढ्यात धर्माकाका आले. धर्माकाका भाईंदरजवळच्या पाली कोळीवाड्यातले. चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे मच्छीमार बोटीचे कप्तान. चारही गलबतांचे लाकडी सांगाडे त्यांनीच बनवले होते. आपली गलबतं चालतात कशी ते बघायला आले होते.

"लावा बघू," ते म्हणाले.

मी झाकण बंद करून सहावी चाचणी लावली. गलबतं वाऱ्यावर हेलकावे खात होती. जहाज शिडं फुगवून आलं, कूस वळवली आणि एकामागून एक चार लाल दिवे लागले. काका हसायला लागले. मॅडमना ते आवडलं नाही.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"बाय, ह्या टायमाला लढायला जाईल कोन? वारा त्याचा हाय." काकांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, पंखा कवा बंद होतो?"

"बंद होत नाही."

"न्हाय? असा दर्या हाय कुठं?"

पंखा मी सतत चालू ठेवला होता. त्याचं कारण साधं होतं. फुगलेली शिडं छान दिसतात.

काकांनी समजावलं. पावसाळा संपला की आपल्या किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून येतो, दुपारी समुद्राकडून. मधे काही वेळ तो पडतो. शिडाचं जहाज तेव्हा जागच्या जागी उभं राहतं. वल्ह्याची बोट चालत राहते.

मी गलबतांचे लाल दिवे विझवले आणि पंखा बंद केला. जहाजाची शिडं लोंबली. काकांनी एका गलबताचा रिमोट घेतला आणि ते सावकाश जहाजाच्या मागे नेलं. तिथे एकही तोफ नव्हती. एक, दोन, तीन. जहाजावर पहिल्यांदाच लाल दिवा लागला.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी पकड खोक्यात ठेवली.

"म्हणजे त्यांचं जहाज वाईट होतं?" त्यांनी विचारलं.

"वाईट कशाला? लय भारी हाय. महिनोन् महिने खोल दर्यात ऱ्हायला बांधलंय. हितं त्याला हिथलं ठाऊक न्हाय, येवढंच."

शुक्रवारी मी गाळ्यातला, आम्हाला वारा देणारा पंखा किनाऱ्याच्या बाजूला बसवला आणि दोन्ही पंख्यांना टायमर जोडला. आधी जमिनीचा वारा, मग शांतता, मग समुद्राचा वारा. कामगार दिवसभर घामाघूम होऊन मला बोलत होते.

शनिवारी टाकी शाळेच्या दालनात लागली. उद्घाटनाला पाहुणे म्हणून नौदलातले एक निवृत्त कमांडर आले होते. त्यांनी जहाज घेतलं. गलबतं धर्माकाका आणि सातवीतल्या तीन मुलींकडे.

"काका, जाऊ?" एक मुलगी सारखी विचारत होती.

"न्हाय. मी बोलंन तवा."

"आता?"

"गप ऱ्हा गं."

वारा पडला. जहाज टाकीच्या मध्यावर थांबलं. "चला पोरींनो, मागनं!" काका ओरडले. अर्ध्या मिनिटात कमांडर बुडाले. दालनात एवढा आरडाओरडा झाला की शिपाई धावत आला.

"पुन्हा," कमांडर म्हणाले.

दुसऱ्या डावात ते जमिनीच्या वाऱ्यावर थेट खुल्या समुद्रात गेले.

"पळाले! पळाले!" मुली नाचू लागल्या.

"पळालो नाही. माझ्या वाऱ्याची वाट बघतोय."

वारा पडला, पण गलबतं तिथवर पोचायच्या आत समुद्राचा वारा सुटला आणि जहाज सरळ किनाऱ्याकडे आलं. काकांनी चारही गलबतं उथळ खाडीत घुसवली. जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेला भाग, जास्त होता. खाडीच्या तोंडाशी कमांडरांनी कूस वळवली आणि जहाज खर्र करून रुतलं. आता त्याला हलता येईना, आणि आठ तोफांसमोरून गलबतांना बाहेर पडता येईना.

"तांडेल, तह करायचा का?" कमांडरांनी विचारलं.

"करू की. आनखी एक डाव झाल्यावर."

ते पाच डाव खेळले. प्रमुख पाहुण्यांचं भाषण राहूनच गेलं. मॅडमनी टाकीच्या ओल्या काठावर कागद ठेवून मॉडेल स्वीकारल्याची सही केली. शाई थोडी पसरली, पण चालली.

तेव्हापासून मॉडेल चुकीचं उत्तर देऊ लागलं, की वायरींना हात लावण्याआधी मी एक गोष्ट तपासतो. फक्त छान दिसतं म्हणून आपण काय चालू ठेवलं आहे?