खरवडलेलं नाव

डॉक्टर गेल्याची बातमी मला मुरबाडच्या दवाखान्यात कळली. शहापूरहून आलेल्या गाडीवानाने ती दारातूनच सांगितली, आणि मी क्विनीनच्या पुड्या बांधतच राहिलो... सगळ्या रिकाम्या बांधल्या, हे मागाहून कळलं.

शहापूरला मी नऊ वर्षं त्यांचा कंपाउंडर होतो. सकाळी ते हिवतापाचे रोगी तपासत, दुपारी तानसाच्या रानात पाला हुडकत. पान चाखल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लोक म्हणत, ‘डागतर बरा हाय, पन शेळीवानी झाडाला तोंड लावतो.’ आणलेल्या फांद्या जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवायच्या, मग जाड कागदावर दोऱ्याने टाचायच्या. वर लॅटिन नाव ते घालत; खाली गावातलं नाव आणि गुण मी लिहीत असे, कारण माझं अक्षर बरं.

शेणवे गावची ठकीआजी एका दुखण्यावर एका वेलीची मुळी देई. कोणत्या, ते इथेही लिहीत नाही. तिच्या लेकीचा ताप डॉक्टरांनी उतरवला, तेव्हा तिने ती वेल आणून दिली, नाव सांगितलं, आणि बजावलं, “कागदावर लिवायचं नाय, डागतर. नाव कागदावर चढलं का गुण जातो.” डॉक्टरांनी शब्द दिला. मी शेजारीच होतो. तरी आठवड्याने त्या वेलीच्या कागदावर खालची मोकळी जागा पाहून माझ्यातला शहाणा जागा झाला, आणि मी सुवाच्य अक्षरात नाव लिहून टाकलं.

डॉक्टरांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

“तिला कुठं वाचता येतं?” मी म्हणालो.

“मला येतं ना,” ते म्हणाले, आणि पात्याने नाव खरवडून काढलं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते शेणव्याला गेले. आजी भात झोडत होती. चूक त्यांनी स्वतःवर घेतली. ती मात्र माझ्याकडे बघत होती. “पुसलं ना? मंग बसा. पेज पिऊन जा.”

आजी दोन वर्षांमागे गेली. परवा डॉक्टरांच्या घरी गेलो, तर त्यांची मुलगी मालूताई ते कागद मुंबईच्या एका कॉलेजला द्यायला गठ्ठे बांधत होती. एक कागद बाजूला होता.

“काका, एवढ्यावरच गावातलं नाव नाही. बाबांचं काम अपुरं दिसेल. तुम्हांला ठाऊक असेल ना?” तिने टाक पुढे केला.

नाव ओठांवर होतं. मी गेलो की ते संपणार होतं. खरवडलेल्या जागी कागद इतका पातळ झाला होता की त्यातून उजेड दिसत होता...

“नाही ठाऊक,” मी म्हणालो. त्या घरात मी बोललेलं हे पहिलं खोटं.

मालूताईने कागद गठ्ठ्यात सरकवला आणि दोरी आवळली. डॉक्टर बांधत तेव्हा धरायचो, तसं मी गाठीवर बोट धरलं.