रिकाम्या पेल्याचा वास

मामांचं कॉफी पिणं तुम्ही पाहायला हवं होतं. टंबलर कपाळाच्या उंचीवर, धार थेट घशात. ओठ भांड्याला लागत नसे, मिशीवर थेंब पडत नसे. "उष्टं कशास करायचं?" म्हणायचे. बसले की उजवा पाय सारखा हलायचा.

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत ते आमच्या समोर राहायचे; सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. पाटबंधारे कचेरीत हेडक्लार्क होते. मी तेव्हा बातमीदार होतो. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "नियमात बसतं का, राव?"

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांचे जुने इंग्रज इंजिनिअर कायमचे मायदेशी निघाले. त्यांच्याकडे एक स्कॉच होती, चाळीस वर्षं लाकडी पिपात मुरलेली. ती गाळणारी भट्टी केव्हाच बंद पडली होती. बाटलीत एकच घोट उरला होता आणि डॉक्टरांनी साहेबांची दारू बंद केली होती. ते मामांना म्हणाले, तुम्ही प्या आणि कशी लागते ते सांगा. तुमचा अहवाल कधी खोटा निघाला नाही.

राज्यात दारूबंदी होती. परवाना मिळायचा, पण व्यसनी माणसाला. जन्मात थेंब न घेतलेल्या मामांनी डॉक्टरकडून व्यसनी असल्याचा दाखला आणला आणि रीतसर अर्ज केला. गल्ली हसली. मामी आठवडाभर बोलल्या नाहीत.

परवाना वेळेत हाती आला. निरोपाच्या दिवशी साहेबांनी तो घोट पेल्यात ओतला. मामांनी सवयीनं पेला कपाळापर्यंत नेला आणि धार सोडली. क्षणात सगळं घशाखाली. डोळ्यांत पाणी आलं. साहेब उत्तराची वाट पाहत होते. पत्रानं कळवतो, म्हणून मामांनी रिकामा पेला मागून घेतला आणि रुमालात गुंडाळून घरी आणला.

संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येरझारा घालत होते.

"घशात आग झाली, तितकंच मज कळलं. जिभेवर काही थांबलंच नाही, राव. काय लिहू?"

मधुर होती म्हणून लिहा, मी सुचवलं.

"तुमच्या पेपरात चालत असेल."

दुसऱ्या सकाळी मामींनी तो पेला विसळायला उचलला. मामा तो हातातून काढून घ्यायला गेले आणि तिथंच थांबले. पेला वाळला होता, पण वास आत होता.

पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. "घोट चुकीच्या रीतीने प्यालो, सबब चव सांगता येत नाही. रिकाम्या पेल्याचा वास असा: आधी पेंढ्याचा धूर, मग ताडगूळ, शेवटी ताडपत्राची जुनी पोथी."

दोन महिन्यांनी साहेबांचं कार्ड आलं. "धूर बरोबर. पोथी इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती." मामांनी ते दोनदा वाचलं. तेवढा वेळ पाय हलला नाही.

पुढंही ते कॉफी वरूनच प्यायचे. मात्र धार संपली, की टंबलर नाकाशी नेऊन क्षणभर थांबायचे. कुणी पाहतंय असं वाटलं, की पाय पुन्हा सुरू.

साठचं दशक सरायच्या आत मामा गेले. समोरच्या घरात, देवळीत, तो काचेचा पेला अजून पालथा ठेवलेला आहे. मामी तो विसळत नाहीत.