दातवाले आणि त्यांची बाटली

दातवाल्यांचं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात गेलं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्यांची खोली. खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर मेणाच्या पट्ट्या, कोरायच्या सुऱ्या, ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, आणि हवेत कायम ॲक्रिलिकचा नाकात बसणारा वास. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई लोकांच्या जबड्यांची मापं घ्यायच्या आणि मागच्या खोलीत हे कवळ्या घडवायचे. छत्तीस वर्षं हेच. हात असा, की खोट्या हिरडीवरची बारीक लाल शीरसुद्धा खरी वाटावी. स्वभावाचं मात्र विचारू नका. एखादी कवळी 'टोचते' म्हणून पुढून परत आली की ते ती साच्यावर बसवून बघायचे. ती टकदिशी बसायची. "माझ्याकडे तर व्यवस्थित बसतेय," असं म्हणून ते तिला आल्या पावली परत पाठवायचे. तुमचं तोंडच चुकीचं आहे असं उघड म्हणत नसत, एवढाच काय तो त्यांचा भिडस्तपणा.

त्यांचा दुसरा नाद सायकलचा, आणि तो लावला थोरल्या भावाने. दादा राहायचा घाटापलीकडे, बावन्न किलोमीटरवर. लग्न झालं, मुलं झाली, केस गेले, तरी दर दोन-तीन महिन्यांनी दातवाले सकाळी सायकल काढून घाट चढून दादाच्या दारात उभे राहत. दादा बाहेर येऊन आधी अंगठ्याने टायर दाबून बघे, "हवा कमी आहे रे छोट्या," म्हणे, आणि मगच घरात घेई. एकसष्टाव्या वर्षी कुणी 'छोट्या' म्हणणारं उरलं असेल तर माणूस त्याच्यासाठी घाट चढतो. त्यात नवल ते काय?

दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसली आणि हे थांबलं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण नाडी एकशेवीसच्या वर जाता कामा नये. घाटात तर ती नुसत्या विचारानेच एकशेवीसवर जायची. दोन वर्षं ते दादाकडे बायकोच्या गाडीत बसून गेले, आणि दोन वर्षं दादाने दारात येऊन गाडीच्या टायरकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मग दादाचा फोन आला. तो आता मुलीकडे चालला होता, परदेशात, कायमचा. महिनाअखेरच्या शनिवारी निघणार. "ये एकदा," दादा म्हणाला, "पण सायकलवर ये. गाडीत बसून आलास तर दार उघडायचा नाही." दोघंही हसले. थट्टा नव्हती, हेही दोघांना कळलं.

दातवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी विजेची सायकल घेतली. रेसची, खाली वळलेल्या हँडलची, इतकी सडपातळ की मोटर कुठे आहे ते शोधावं लागे. बॅटरी दांड्याच्या पोटात. तिच्यात सपाटीवर भरपूर दम होता, पण घाटात ती तीन-चार वळणांतच मान टाकणार हे हिशेबानेच दिसत होतं. म्हणून जोडीला एक रेंज एक्स्टेंडर, म्हणजे आणखी एक बॅटरी. दिसायला हुबेहूब पाण्याची बाटली, बसायची जागाही बाटलीचीच. तिची तार खालच्या छिद्रात खुपसायची, की मोटर आधी बाटलीतली वीज पिणार आणि मग पोटातली. हँडलवरचा दिवा निळा असला की बाटली चालू, लाल लुकलुकला की बंद. घरात तिचं नाव बाटलीच पडलं. बायकोने ती एकदा बाकीच्या बाटल्यांबरोबर नळाखाली धरली होती, तेव्हा दातवाल्यांची नाडी एकशेचाळीसवर गेली.

पहिल्याच दिवशी, तार नसताना त्या छिद्रावर बसवायचं रबरी झाकण कुठेतरी पडलं. दुकानात फोन केला, तर नवीन यायला तीन आठवडे. तीन आठवडे! दातवाले हसले. ज्या माणसाने हजारो जबड्यांचे ठसे घेतले, त्याने एका बोटाएवढ्या झाकणासाठी तीन आठवडे थांबायचं? त्यांनी छिद्राचा ठसा घेतला, साचा केला, आणि कवळीच्या आतून लावतात त्या मऊ अस्तराचं झाकण ओतलं. कडा घासून, पॉलिश करून बसवलं. हिरडीसारखं गुलाबी, आणि बसलं असं की नखानेच निघावं. त्या दिवशी ते झाकण त्यांनी डॉक्टरीणबाईंनासुद्धा दाखवलं.

पहिल्या रविवारी ते निघाले. सपाटीवर दिवा निळा, वारा पाठीशी, मजाच मजा. घाट लागला, मोटरने जोर धरला, आणि सहाव्या वळणावर दिवा लाल. तार काढली, पुन्हा खुपसली. निळा. शंभर पावलांवर पुन्हा लाल. सायकल बंद करून चालू केली, बाटली हलवली, तारेला शिव्या घातल्या. नवव्या वळणावर पोटातली बॅटरीही संपली. मनगटावरचं घड्याळ नाडीच्या नावाने ओरडायला लागलं आणि दातवाले कठड्यावर बसले.

बायको गाडी घेऊन आली. स्वेटरही आणला होता. "अहो, आलोच आहोत इथवर, तर तशीच गाडी पुढे घेऊ की. दादांना भेटून येऊ."

"मुळीच नाही," दातवाले म्हणाले, "गाडी वळव."

सोमवारी ते दुकानात गेले. जाण्याआधी गुलाबी झाकण काढून खिशात टाकलं. हमीच्या कागदावर लिहिलं होतं, की बाहेरचा कोणताही भाग बसवला तर हमी गेली. आता झाकण म्हणजे काही भाग नव्हे, झाकण ते झाकण. पण उगाच दाखवून वाद कशाला घाला?

दुकानातली मेकॅनिकबाई कमी बोलणारी, चाळिशीची. तिने छिद्रात फवारा मारला, फडक्याने पुसलं, तार जोडली, सायकल स्टँडवर चढवून अर्धा तास जोरात पळवली. दिवा निळाच्या निळा. "काका, आमच्याकडे व्यवस्थित चालतेय."

"अहो ताई, घाटात बंद पडते!"

"आमच्याकडे तरी चालतेय."

घरी येऊन दातवाले जेवताना हेच बडबडत होते. चालतेय म्हणे! मी काय खोटं बोलतो? बायकोने ताटातून मान वर केली. "दुकानवाले अगदी तुमच्यासारखंच बोलतात हो," ती म्हणाली. दातवाल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने मुकाट्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

दुसरा रविवार. पुन्हा सपाटीवर निळा, पुन्हा सहावं वळण, पुन्हा लाल. या वेळी तळपायाची आग मस्तकात गेली. रस्त्यावरून उतरणारे दोन सायकलवाले थांबून म्हणाले, "काका, पाणी संपलं का?" त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रात्री दादाला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर दादा शांतपणे म्हणाला, "तूच काहीतरी केलं असशील."

झालं! हे वाक्य दातवाल्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. दोघांत एकच सायकल होती तेव्हा तिचे ब्रेक किंचाळायचे. छोट्याने आवाज जावा म्हणून ब्रेकच्या रबरांना छानपैकी तेल लावलं. आवाज गेला. दादा उतारावरून सरळ शेजाऱ्यांच्या तारेच्या कुंपणात गेला, आणि हनुवटीवरची खूण आजही दाढी करताना आडवी येते. तेव्हापासून घरातलं काहीही बिघडलं की दादाचं ठरलेलं वाक्य. घड्याळ बंद, रेडिओ मुका, नळ गळतोय, तूच काहीतरी केलं असशील.

"पन्नास वर्षं झाली त्याला!" दातवाले फोनमध्ये ओरडले. "या वेळी बॅटरीच खराब आहे. तुझा काय संबंध? तू बस पेट्या भरत!" आणि फोन ठेवून दिला. मग दादाचाही फोन आला नाही आणि त्यांनीही केला नाही. उरलेले मोजके दिवसही दोन म्हाताऱ्यांनी असे रुसण्यात घालवले. त्या आठवड्यात मागच्या खोलीतून तीन कवळ्या साच्यावर न बसवताच, नुसत्या ओरडण्याने परत गेल्या.

दुकानाने तार बदलून दिली. झाकण पुन्हा खिशात, सायकल पुन्हा स्टँडवर, दिवा पुन्हा निळा. आणि तिसऱ्या रविवारी सहाव्या वळणावर पुन्हा लाल. या वेळी दातवाले ओरडले नाहीत. कठड्यावर बसून त्यांनी वर पाहिलं. पंधरावं वळण तिथून दिसत होतं, त्याच्यापुढे खिंड, खिंडीपलीकडे दादाचं घर. शनिवार सहा दिवसांवर आला होता. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं आहे असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

त्या आठवड्यात काम एवढं साचलं होतं की गुरुवार उजाडेपर्यंत दुकान गाठता आलं नाही. गुरुवारी दुपारी ते मागच्या खोलीतून तसेच उठले, अंगावर प्लास्टरचे डाग, आणि सायकल घेऊन थेट दुकानात शिरले. "मला नवी बाटली द्या, नाहीतर ही सायकल इथेच फेकून जातो!" असं बरंच काही बोलले. त्या संतापात एक गोष्ट राहून गेली. गुलाबी झाकण जागेवरच होतं.

मेकॅनिकबाई गुडघ्यावर बसली. बोट छिद्रापाशी थांबलं. "हे काय आहे?"

"झाकण," दातवाले म्हणाले. "तुमच्याकडे तीन आठवडे लागणार होते."

तिने नखाने ते काढलं, दिव्याखाली धरलं, नाकाशी नेलं. मग कापसाची काडी घेऊन छिद्रातल्या पितळी टाचण्यांवरून फिरवली आणि त्यांच्यासमोर धरली. काडीच्या टोकाला तेलकट, चिकट थर आला होता.

"यातून काहीतरी सुटतंय, काका. टाचण्यांवर साय धरल्यासारखं. सपाटीवर कमी वीज लागते, तेवढी कशीबशी जाते. घाटात मोटर जोरात ओढते, मग तुटते. मी दर वेळी आधी फवारा मारून पुसायचे, म्हणून इथे चालायची." तिने झाकण उलटून पाहिलं. "हे कशाचं बनवलंय?"

दातवाल्यांना उत्तर पाठ होतं. प्रत्येक नव्या अस्तराबरोबर ते स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून पाठवायचे: अस्तर मऊ राहावं म्हणून त्यात तेल असतं, ते काही आठवडे सुटत राहील, कवळी पाण्यात ठेवावी. छत्तीस वर्षांत हजारो चिठ्ठ्या. तोंडात मारल्यासारखे ते उभे राहिले. दोष द्यायला आता समोर कुणीच उरलं नव्हतं. बॅटरी चांगली, तार चांगली, दुकान चांगलं, बाईसुद्धा चांगली.

"पुसून दिलंय," झाकण त्यांच्या हातात ठेवत ती म्हणाली. "झाकण लावू नका. चिकटपट्टी पुरेल."

शुक्रवारी खोली बंद ठेवून दातवाले निघाले. सहाव्या वळणावर त्यांनी श्वास रोखला. दिवा निळा. नववं वळण, निळा. पंधराव्यावर बाटली संपली आणि पोटातली बॅटरी लागली. ती खिंड ओलांडेपर्यंत पुरली आणि पलीकडे उतारच होता. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या डोक्यात एकच चाललं होतं: सांगायचं की नाही? बॅटरीच खराब होती, बदलून दिली, एवढं म्हटलं की झालं. दादा उद्या जाणार. त्याला कोण सांगायला येणार आहे?

दादाचं दार उघडंच होतं. घर रिकामं, आवाज घुमत होता, भिंतींवर कपाटांच्या जागी फिके चौकोन. दादा काठी टेकत बाहेर आला. वाकला, अंगठ्याने टायर दाबला.

"हवा कमी आहे."

"हो," दातवाले म्हणाले.

"मग? काय बिघडलं होतं?"

दातवाल्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. खिशातून झाकण काढलं आणि दादाच्या तळहातावर ठेवलं. "हे. मीच बनवलं. यातून तेल सुटत होतं."

दादाने ते चष्म्याजवळ नेलं, उलटसुलट केलं. त्याचा दुसरा हात आपोआप हनुवटीवरच्या खुणेकडे गेला. "पुन्हा तेलच?" तो म्हणाला, आणि असा हसला की त्याला पेटीवर बसावं लागलं. दातवालेही शेजारच्या पेटीवर बसले. हसता हसता कुणाचं हसू आधी थांबलं ते सांगता येणार नाही.

"काम मात्र सुरेख केलंयस," शेवटी दादा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्याने झाकण सदऱ्याच्या खिशात टाकलं. "हे मी नेतो. तिकडे सगळे माझ्याशी नीट वागणार. मग मी बोलायचं कुणाला?"

भिंतीपाशी बॅटरी आणि बाटली चार्ज होईपर्यंत, म्हणजे तीन तास, त्यांनी एकाही महत्त्वाच्या विषयावर बोलणं केलं नाही. निघताना दातवाल्यांनी छिद्रावरची चिकटपट्टी काढून बाटलीची तार खुपसली, दादाच्या पाया पडले आणि मागे न बघता सायकलवर बसले. फाटकापर्यंत पोहोचले असतील, तोच मागून हाक आली.

"छोट्या! ब्रेक बघितलेस का?"

या प्रश्नावर ते जन्मभर "बघितले, बघितले" असं ओरडून पुढे जात आले होते. आज ते थांबले, खाली उतरले, आणि दादाला दिसेल अशा बेताने, एकेक करून, दोन्ही ब्रेक दाबून बघितले.