वंदनाताईंची उभी चूल

आमच्या प्रताप नगरात कोणाकडे नवी कार आली तर लोक गेटातून मान काढून पाहतात आणि आत जातात. भोयरांकडे चूल येणार म्हटल्यावर मात्र लोक चपला घालून पाहायला आले. सगळ्यांत आधी मी. त्यांच्या आणि आमच्या घरांच्या मध्ये एक कंपाउंडची भिंत आहे आणि ती माझ्या छातीइतकीच उंच आहे. बांधणाऱ्यानेच तशी बांधली, मी काय करू!

वंदनाताई भोयर साठीच्या पुढच्या. माहेर काटोलकडचं, शेतीवाडीचं. पण लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना साधी भाकरही धड यायची नाही, हे त्यांचे सासरे बापूजी अजून पाहुण्यांना हौसेने सांगतात. सासूबाईंनी त्यांना पहिल्याच उन्हाळ्यात लंबी रोटी करायला चुलीपुढे बसवलं. ही रोटी लाटायची नसते. पाण्याचा हात लावून लावून कणीक इतकी सैल करायची की हातातून ओघळली पाहिजे. मग ती दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथं घातलेलं मडकं तापलं की त्याच्यावर अलगद सोडायची. सोडताना फाटली की गेली. वंदनाताईंच्या त्या उन्हाळ्यातल्या रोट्या गाईने खाल्ल्या. पुढच्या उन्हाळ्यात घरच्यांनी. त्यानंतर भोयरांच्या कुठल्याच लग्नकार्यात मडक्यापुढे दुसरी बाई बसली नाही. नवरा, रविंद्रभाऊ, वीज कंपनीत होते. जिथे बदली होईल तिथे क्वार्टरच्या मागे विटा मांडून यांची चूल. आणि अक्षय तृतीयेला पहिला आमरस. त्याआधी घरात आंबा आणायचा नाही आणि त्या दिवशी सगळ्या भोयरांनी वंदनाताईंकडेच जेवायचं, रसासोबत त्यांच्या हातची रोटी, हे ठरलेलं.

दिवाळीच्या मागेपुढे वंदनाताईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता चाला, फिरा, जिना चढा, पण जमिनीवर मांडी घालून बसणं विसरा. भेटायला कामठीहून नणंद आली, पुष्पलता. सफरचंदं पलंगावर ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, आता काहून जिवाले त्रास देता? रोट्या विकत मिळतात न. यंदाचा रस आमच्याकडेच ठेवू. तुमी फक्त बसा."

पुष्पलता गेटाबाहेर पडेपर्यंत वंदनाताई हसत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "ऐकलं का, शामला? फक्त बसा म्हणे. तेवढंच तर येत नाही आता मले."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"यंदा माह्या रोट्या नाही झाल्या, तर पुढच्या वर्षी कोणी विचारणारही नाही वं. रस कामठीले, अन् मी सोफ्यावर शोकेसातल्या बाहुलीवाणी."

बसता येत नाही तर उभ्याने करायची चूल पाहिजे, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. कोणती, हे ठरवायचं काम रविंद्रभाऊंनी अंगावर घेतलं. रिटायर झाल्यापासून भाऊंना घरात कोणी काही ठरवू देत नव्हतं, त्यामुळे ते एकदम खुलले. लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला गेले असतील तेव्हा पाहिलं नसेल, इतकं निरखून त्यांनी चुली पाहिल्या.

सुरुवात गॅसपासून झाली. "आच ते आच, तिले काय समजते," असं म्हणून मडकं शेगडीवर पालथं घातलं. आच मधोमध लागली, मडकं तडकलं आणि त्याचा तुकडा फ्रिजखाली गेला. मग ऑनलाइन एक चूल मागवली, खालून पंखा असलेली, बिनधुराची. खोका मोठा होता. आतून निघालं ते डब्याएवढं. मी म्हटलं, "भाऊजी, यावर चहा होईल, पण पाहुण्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगा." ती परत गेली. मातीची तयार चूल पाहिली, ती जमिनीवरची. फार्महाऊसवाले घेतात तसली लोखंडी पाहिली. तिच्यावर मडकं ठेवून वंदनाताईंना उभं केलं, तर मडकं त्यांच्या हनुवटीला लागलं.

"अजी, स्टुलावर चढून रोटी टाकू का मी?"

"चढू नको. डॉक्टर बोलंन."

शेवटी वंदनाताईंनीच एक दिवस स्वयंपाकघरात स्टूल आणलं, त्याच्यावर मडकं पालथं घातलं, खालून रद्दीचे गठ्ठे सारत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. "मडक्याचं पोट माह्या कोपराशी आलं पाहिजे. घ्या माप. बाकी खाली काय लावायचं थे लावा."

म्हणजे माप वरून खाली घ्यायचं होतं, आणि भाऊ इतके दिवस खालून वर घेत होते.

साहिल नावाच्या वेल्डिंगवाल्याने त्या मापाची चूल केली. अँगलचे बुटके पाय, जाड पत्र्याची पेटी, पुढे सरपण सारायला तोंड, मागून धुराचा पाइप. आतून विटा रचल्या. विटांवरचा लेप मात्र वंदनाताईंनी स्वतः दिला, माती, भुसा आणि शेण कालवून. साहिल म्हणाला, "काकू, सिमेंट लावून देतो न, पक्कं होईल." काकू म्हणाल्या, "अन् पहिल्याच आचेत उललं की तू येशील का लिपाले?" साहिलने थापी खाली ठेवली.

जागा ठरली मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली. नळ जवळ, स्वयंपाकघराचं दार जवळ, डोक्यावर सावली. धुरासाठी भाऊंनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ अंगणात उदबत्ती धरून हवा पाहिली. येणारे-जाणारे विचारत, कोणतं व्रत धरलं म्हणून. साहिल पाइप खालच्या मजल्याच्या स्लॅबच्याही वर न्यायचा म्हणत होता. भाऊंना ते पटलं नाही. "कारखाना वाटंन. वादळात हालंन तो वेगळाच." म्हणून पाइप टिनातून दोन हात वर काढून टोपी बसवली. शेडच्या बाजूलाच हॉलची मागची खिडकी, तिच्याबाहेर एक लोखंडी स्टँड. जानेवारी होता. स्टँडवर वंदनाताईंच्या कोथिंबिरीच्या कुंड्या होत्या.

नारळ फोडला, चूल पेटवली, धूर पाइपातून सरळ वर गेला. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही धूर त्यांनी स्वतःच वर नेला होता.

रोटी मात्र जमेना. जन्मभर बसून केलेलं काम. मांडी घातली की कोपर गुडघ्यावर टेकायचं, आता टेकायला काही नाही. कणीक हातावर लांब होत यायची आणि मडक्याजवळ आली की फाटायची. फाटलेल्या रोट्या भिंतीवरून माझ्याकडे येत. मी तक्रार केली नाही. एकदा फक्त म्हटलं, "ताई, आज नकाशा कोणता? काल तर चंद्रपूर जिल्हा होता." त्यांनी ओल्या हाताने पाणी उडवलं माझ्या अंगावर. पण रोज सकाळी त्या चुलीपुढे उभ्या राहायच्याच. होळी येईपर्यंत पाय थोडे फाकवून, पाठ शेडच्या खांबाला टेकवून उभं राहायचं त्यांचं त्यांना सापडलं. मग एक रोटी पूर्ण उतरली, मडक्याच्या गळ्यापर्यंत लोंबलेली, पातळ. मग सगळ्याच उतरायला लागल्या. त्यांनी कामठीला फोन लावला. "पुष्पलता, रस इकडेच आहे. डबे आणू नको, भूक घेऊन ये."

होळी झाल्यावर नागपुरातला प्रत्येक पुरुष जे करतो ते रविंद्रभाऊंनीही केलं. गच्चीवरचा कूलर उतरवला, धुतला, त्याच्या जाळ्यांतली गवताची घास बदलली आणि खिडकीबाहेरच्या स्टँडवरच्या कुंड्या बाजूला करून तिथे बसवला. पाइपपासून हातभर अंतरावर. इतके दिवस हवा पाहणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही. वंदनाताईंनाही नाही, कारण त्या चूल पेटवायच्या सकाळी आणि कूलर लागायचा दुपारी.

दोघं एकत्र लागले ते थेट अक्षय तृतीयेच्या दुपारी.

ऊन असं की अंगणातली बादली हाताला चटके देत होती. हॉलमध्ये सगळे भोयर जमलेले. ऐंशी ओलांडलेले बापूजी कूलरच्या तोंडासमोर दिवाणावर. पातेल्यात रस तयार. वंदनाताईंनी पहिली रोटी मडक्यावर सोडली, मी चुलीत कापसाची वाळकी पऱ्हाटी सारली, आणि आत कोणीतरी खोकलं. मग दोघं खोकले. मग बापूजी ओरडले, "कोण बिडी पिऊन राहिलं गा?"

पाइपातला धूर टोपीखालून निघत होता, कूलरच्या ओढीने खाली येऊन त्याच्या ओल्या घासेत शिरत होता आणि गार होऊन बापूजींच्या तोंडावर जात होता. पाहुणे डोळे पुसत होते. रसावर ताट झाकावं लागलं. कूलर बंद केला तर त्या उकाड्यात बापूजींचं काही खरं नव्हतं. चालू ठेवला तर धूर.

पुष्पलता पदर नाकाला लावून मागच्या दारात आली. "वहिनी, राहू द्या आता. विझवा थे. दादा, रोट्या मागव न बाहेरून. बापूजीचा जीव घाबरा होऊन राहिला."

भाऊंनी खिशातून फोन काढला. वंदनाताईंच्या हातावर त्या वेळी दुसरी रोटी अर्धी लांबलेली होती. ती खालीही ठेवता येत नाही आणि थांबवताही येत नाही. त्यांनी ती पुरी लांबवली, मडक्यावर सोडली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"शामला, तुमचा कूलर कोणीकडे आहे?"

"रस्त्याकडे."

"मग जा अन् चालू कर. चटया टाक." भाऊंकडे वळून म्हणाल्या, "तुमी बापूजीले घेऊन जा. डोक्याले दुपट्टा बांधा त्यायच्या. रस घेऊन जा, ताटं घेऊन जा, सगळे जा. चूल विझत नाही."

आमच्या घरात मी जाईपर्यंत माझा नवरा बनियनवर झोपलेला होता. डोळे उघडले तर उशाशी रसाचं पातेलं आणि दारात बापूजी. बिचारा शर्ट शोधत पळाला. मग पंगत बसली आमच्या हॉलमध्ये, आणि रोट्या यायला लागल्या भिंतीवरून. वंदनाताई मडक्यावरून उतरवायच्या, घडी करून भिंतीपर्यंत आणायच्या. अलीकडून घ्यायला पुष्पलता उभी. डोक्यावर पदर, उन्हाने चेहरा टमाट्यासारखा.

"वहिनी, आणखी एक टाका. बापूजी मागून राहिले."

"विकतच्या येणार होत्या न? आल्या नाही का?"

"त्या येतील तेव्हा येतील. तुमी टाका न वं पटापट! दादाने पाच खाल्ल्या, माह्या वाट्याले नाही राहणार."

वंदनाताई मडक्याकडे वळल्या. पुढची रोटी जरा मोठी टाकली, एवढं मी पाहिलं. सगळ्यांचं झाल्यावर त्या चुलीपाशी उभ्यानेच जेवल्या, वाटीत रस घेऊन, मडक्यावरची शेवटची रोटी तोडत.

दुसऱ्या दिवशी साहिलला बोलावलं. तो वर पाहून म्हणाला, पाइप वाढवता येतो, पण वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनीही आता त्याच बाजूला कूलर लावला आहे. धूर मग त्यांच्याकडे. भाऊ म्हणाले, "मग चूलच गेटाकडे नेऊ." विटा सोडवायच्या, लेप उकरायचा, पुन्हा वाळवायचं. तोवर आंबा संपला असता.

"चूल हालणार नाही," वंदनाताई म्हणाल्या. "कूलर हालवा. समोरच्या खिडकीत लावा."

समोरची खिडकी म्हणजे भाऊंची जागा. तिथे खुर्ची टाकून ते सकाळपासून रस्ता पाहतात. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, साहिलकडे पाहिलं, मदतीसाठी माझ्याकडेसुद्धा पाहिलं.

"कूलर तिथं लावला तर मले रस्ता कसा दिसंन?"

"गेटाशी उभे राहा," वंदनाताई कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या. "मी नाही राहत उभी?"